पक्षाघातानंतर पुन्हा पावलांवर : पायांच्या बळवर्धक व्यायामाचे महत्त्व

न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, म्हणजे आपल्या देणगीचा विनियोग कोठे व कशासाठी होतो हे देणगीदारांस समजते आणि रुग्णांच्या नातेवाइकांसही काही उपयुक्त माहिती मिळते, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत. यंदा आम्ही पक्षाघात, म्हणजेच बोलीभाषेत ज्याला अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात, त्या आजारानंतरच्या चालण्याचा विषय निवडला आहे.

पक्षाघाताचा रुग्ण धोक्याबाहेर आला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘हे पुन्हा चालू लागतील ना?’ या प्रश्नामागे मोठी काळजी असते. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे आणि त्यासाठी दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागणे, या दोन्हींत रुग्णाच्या आत्मसन्मानाचा प्रश्न गुंतलेला असतो. रुग्ण घरातील कर्ता पुरुष असेल, तर संसाराचा चरितार्थ त्याच्या पावलांवर अवलंबून असतो. घरातील गृहिणी असेल, तर स्वयंपाकघरापासून मुलांच्या शाळेपर्यंत सारी घडी विस्कटते. वयोवृद्ध असतील, तर त्यांच्या शुश्रूषेसाठी मुलीला वा सुनेला नोकरी सोडावी लागते. म्हणूनच चालण्याचा प्रश्न हा एका पायाचा नसून साऱ्या कुटुंबाचा असतो, असे आम्ही मानतो.

या प्रश्नाचे नेमके उत्तर पहिल्या दिवशी कोणताही वैद्य देऊ शकत नाही. मात्र दुबळ्या पायाला योग्य पद्धतीने, क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या भाराचा व्यायाम दिला आणि त्या व्यायामाला प्रत्यक्ष चालण्याच्या सरावाची जोड दिली, तर अनेक रुग्णांची चाल निश्चित सुधारते, एवढे आज खात्रीने सांगता येते. हा व्यायाम काय आहे, तो का करावा, त्यात कोणती दक्षता घ्यावी आणि त्यासाठी नेमके काय लागते, याचे विवेचन पुढे केले आहे.

पाय दुबळा का होतो?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी खंडित झाला, की त्या भागातील पेशी मरू लागतात. हे दोन प्रकारांनी घडते : रक्तवाहिनीत गुठळी अडकून ती तुंबते, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या एका लोकसंख्याधारित पाहणीत दर पाचांपैकी सुमारे चार रुग्णांचा पक्षाघात पहिल्या प्रकारचा आढळला होता.

मेंदूच्या डाव्या भागाकडून शरीराच्या उजव्या बाजूचे आणि उजव्या भागाकडून डाव्या बाजूचे नियंत्रण होते. त्यामुळे मेंदूच्या ज्या बाजूस इजा होते, तिच्या विरुद्ध बाजूचा हात व पाय निकामी होतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पायाचा स्नायू, हाड किंवा सांधा यांस मुळात काहीच झालेले नसते. स्नायूला आकुंचन पावण्याचा जो आदेश मेंदूकडून यावयाचा, तो पुरेशा जोराने येत नाही. टाकीतील पाणी आटले, की नळ कितीही चांगला असला तरी त्याची धार बारीक होते. तशीच ही अवस्था.

यानंतर दुसरी हानी सुरू होते आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. अंथरुणास खिळलेल्या माणसाचे स्नायू काही दिवसांतच रोडावू लागतात. मूळ आजाराने आलेल्या दुबळेपणात न वापरल्याने आलेल्या दुबळेपणाची भर पडते. एवढेच नव्हे, तर ‘चांगल्या’ समजल्या जाणाऱ्या पायाचीही शक्ती घटते. मेंदूतील मृत पेशी पुन्हा जिवंत करणे आपल्या हाती नसले, तरी ही दुसरी हानी रोखणे व भरून काढणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. शिवाय मेंदूचे शाबूत राहिलेले भाग सरावाने नवी कामे शिकू शकतात. व्यायामाचे दुहेरी प्रयोजन ते हेच : स्नायूचे बळ वाढविणे आणि मेंदूकडून येणाऱ्या आदेशाची वाट पुन्हा रुळविणे.

एक जुना समज

वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु पक्षाघाताच्या रुग्णाच्या दुबळ्या पायाला जोराचा व्यायाम देऊ नये, असे मत कित्येक दशके जगभर प्रचलित होते. पक्षाघातानंतर काही काळाने अनेक रुग्णांचा हात-पाय ताठर होऊ लागतो. जोर लावून व्यायाम केल्यास हा ताठरपणा वाढेल, अशी भीती वाटत असे. लंडन येथे कार्य करणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञ बर्टा बोबाथ व त्यांचे पती डॉ. कारेल बोबाथ यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीचा या विचारावर मोठा प्रभाव होता. प्रौढांच्या अर्धांगवायूवरील बर्टा बोबाथ यांचा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. खरी अडचण स्नायूंच्या बळाची नसून त्यांच्या बिघडलेल्या ताणाची आहे, अशी त्यांची धारणा होती. बोबाथ दांपत्याचे ऋण मोठे आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. निकामी बाजू सोडून देऊन केवळ चांगल्या बाजूवर भागवून न घेता, निकामी बाजूवरही काम केले पाहिजे, हा आशावाद त्यांनीच रुजविला. परंतु बळवर्धक व्यायामाविषयीची भीती मात्र पुढील संशोधनात टिकली नाही.

कॅनडातील दोन संशोधकांनी १९९७ मध्ये एक छोटा परंतु महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या १५ व्यक्तींना आठवड्यातून तीन दिवस, याप्रमाणे सहा आठवडे गुडघ्याच्या स्नायूंचा जोरकस व्यायाम देण्यात आला. त्यांचे बळ वाढले, चालण्याचा वेग वाढला आणि ताठरपणा मात्र वाढला नाही. त्यानंतर अनेक देशांत अशा चाचण्या झाल्या. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ मध्ये अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही हाच निष्कर्ष निघाला : बळवर्धक व्यायामाने बळ वाढते, दैनंदिन हालचालींत काही प्रमाणात सुधारणा होते आणि ताठरपणा वाढत नाही. आज जगातील प्रमुख वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत या व्यायामाची शिफारस केलेली आढळते.

असे असूनही ‘जोर लावू नका, त्रास होईल’ हा सल्ला शेजारीपाजारी अजूनही देतात. दुसरीकडे तेल-मालिश, शेक, क्वचित कबुतराच्या रक्तासारखे अघोरी उपायही केले जातात. मालिशीने रुग्णास बरे वाटते, मायेचा स्पर्श लाभतो. त्यास आमचा विरोध नाही. परंतु दुसऱ्याने पाय चोळल्याने किंवा हलविल्याने स्नायूचे बळ वाढत नाही. बळ वाढण्यासाठी रुग्णाने स्वतः, स्वतःच्या प्रयत्नाने स्नायू आकुंचित करावा लागतो. कबुतराच्या रक्ताने तर काहीच साध्य होत नाही. अमूल्य वेळ मात्र वाया जातो.

चालताना कोणते स्नायू काम करतात?

निरोगी माणूस चालताना विचार करीत नाही. परंतु प्रत्येक पावलामागे अनेक स्नायूंची शिस्तबद्ध कामगिरी असते. नितंबाचे व मांडीच्या पुढील भागाचे स्नायू शरीराचा भार तोलून धरतात. ते दुबळे असतील, तर गुडघा अचानक वाकतो किंवा तोल सावरण्यासाठी रुग्ण गुडघा मागे ताठ ढकलून उभा राहतो. कमरेच्या बाजूचे स्नायू, आपण एका पायावर असताना, कंबर दुसऱ्या बाजूस झुकू देत नाहीत. पोटरीचे स्नायू टाच उचलून शरीर पुढे ढकलतात. चालण्याचा वेग मुख्यत्वे या ढकलण्यातून येतो. नडगीच्या पुढील स्नायू पाऊल वर उचलून धरतात. ते निकामी झाले, की पाऊल लोंबते, बोटे जमिनीस अडखळतात आणि रुग्ण पाय बाहेरून अर्धवर्तुळाकार फिरवून टाकू लागतो. पक्षाघाताच्या रुग्णाची जी चाल आपण रस्त्यात दुरूनही ओळखतो, तिची ही कारणे होत.

म्हणून आमच्या भौतिकोपचार विभागात रुग्णाची चाल पाहून प्रथम कोणता स्नायू किती दुबळा आहे, याची तपासणी केली जाते. सर्वांना एकच व्यायाम सांगणारा छापील कागद देऊन भागत नाही. एकाचा गुडघा दुमडत असतो, दुसऱ्याचे पाऊल लोंबत असते, तर तिसऱ्यात तोल सांभाळण्याचीच ताकद नसते. पाऊल अगदीच उचलत नसेल, तर व्यायामाच्या जोडीला घोट्यास आधार देणारा प्लास्टिकचा स्प्लिंट दिला जातो, त्यामुळे चालण्याचा सराव लांबणीवर पडत नाही.

व्यायामाचे स्वरूप

या व्यायामास फार मोठी साधने लागत नाहीत. पुढे दिलेली माहिती केवळ ओळख म्हणून आहे. आपल्या रुग्णासाठी यांतील काय योग्य, हे वैद्यांस व भौतिकोपचारतज्ज्ञांस विचारूनच ठरवावे, ही विनंती.

१. पाठीवर झोपून, दोन्ही गुडघे वाकवून, तळवे गादीवर टेकवून कंबर वर उचलणे. अंथरुणातच करता येण्याजोग्या या व्यायामाने नितंबाचे स्नायू बळकट होतात.

२. खुर्चीतून उठणे व सावकाश बसणे. हा सर्वांत उपयुक्त व्यायाम मानावा. दुबळे पाऊल किंचित मागे ठेवले, की उठताना त्या पायावर अधिक भार येतो. आरंभी बैठक उंच असावी, त्यासाठी खुर्चीवर घट्ट दुमडलेली सतरंजी ठेवता येते. जसजसे बळ येईल, तसतशी बैठकीची उंची कमी करीत जावी.

३. स्वयंपाकघरातील ओट्यास किंवा खिडकीच्या गजास धरून दोन्ही टाचा वर उचलणे. याने पोटरीचे स्नायू तयार होतात.

४. ओट्यास धरून उभे राहून पाय बाजूस उचलणे, तसेच भिंतीच्या कडेकडेने आडवे चालणे. हा कमरेच्या बाजूच्या स्नायूंचा व्यायाम होय.

५. खुर्चीत बसून गुडघा सरळ करणे. हे सहज जमू लागले, की घोट्यास वाळूची छोटी पिशवी बांधून भार वाढविणे.

६. कमी उंचीच्या पायरीवर दुबळा पाय ठेवून त्याच्या जोरावर वर चढणे. हा सराव नेहमी आधार धरून आणि शेजारी माणूस उभा असतानाच करावा. प्रत्यक्ष जिना चढताना मात्र सुरक्षिततेचा नियम निराळा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी.

हे व्यायाम किती वेळा करावेत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार बळवर्धक व्यायाम आठवड्यातून दोन ते तीन दिवस करावा. प्रत्येक प्रकार १० ते १५ वेळा आणि असे एक ते तीन फेरे करावेत. भार किती असावा, याचे साधे गमक असे, की शेवटच्या दोन-तीन वेळा करताना कष्ट पडले पाहिजेत. एखादा व्यायाम १५ वेळा सहजगत्या होऊ लागला, की त्यात भर घालण्याची वेळ आली, असे समजावे : बैठक खाली करावी, पायरी उंच करावी किंवा वाळूची पिशवी थोडी जड करावी.

‘क्रमाक्रमाने वाढ’ हाच या उपचाराचा आत्मा आहे. अनेक घरांत रुग्ण मोठ्या चिकाटीने व्यायाम करतात, परंतु सहा महिने तोच व्यायाम, तितकाच आणि तसाच करीत राहतात. ज्या कामाची स्नायूला सवय झाली, त्या कामाने त्याचे बळ पुढे वाढत नाही. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरही ठरावीक काळाने तपासणीस यावे, असा आग्रह आम्ही धरतो, तो याच कारणासाठी.

बळ वाढले, पण चाल?

येथे एका मर्यादेचा उल्लेख करणे आम्ही आवश्यक समजतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसून आले, की वाढत्या भाराच्या व्यायामाने पक्षाघातानंतर स्नायूंचे बळ निश्चित वाढते, परंतु वाढलेले बळ प्रत्येक वेळी दैनंदिन हालचालींत उतरतेच असे नाही. खुर्चीत बसून गुडघा कितीही जोराने सरळ करता आला, तरी तेवढ्याने रस्ता ओलांडता येत नाही. पोहण्यासाठी दंडांत ताकद हवी हे खरे, परंतु पोहणे पाण्यातच शिकावे लागते.

यावरून बळवर्धक व्यायाम निरर्थक ठरत नाही. तो अपुरा आहे एवढेच सिद्ध होते. म्हणून आमच्या विभागात शक्यतो उभ्याने, पायांवर भार घेऊन करावयाच्या व्यायामांवर भर दिला जातो आणि त्याच सत्रात चालण्याचा सराव होतो : प्रथम समांतर दांड्यांमध्ये, मग काठीच्या आधाराने, नंतर वळणे घेत, अडथळे ओलांडीत आणि अखेर पायऱ्यांवर. ज्याला एसटीने तालुक्याच्या गावी जावयाचे आहे, त्याने उंच पायरी चढण्याचा सराव केला पाहिजे. जिच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे, तिला खाली बसून उठण्याचे बळ व तोल कमावावा लागेल, किंवा तोपर्यंत खुर्चीची सोय करून द्यावी लागेल. रुग्णाच्या घराचा उंबरठा केवढा, अंगण कसे, न्हाणीघर किती दूर, हे प्रश्न आम्ही विचारतो, तेव्हा नातेवाइकांस नवल वाटते. परंतु व्यायामाचे ध्येय त्या उत्तरांतूनच ठरते.

प्रगती कशी मोजावी?

चाल सुधारली की नाही, हे केवळ डोळ्यांनी ठरविणे फसवे असते. यासाठी दहा मीटर अंतर नेहमीच्या गतीने चालण्यास किती सेकंद लागतात, याची नोंद घेतली जाते. अमेरिकेतील चालविज्ञानाच्या अभ्यासक डॉ. जॅकलिन पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये यासंबंधी एक उपयुक्त वर्गीकरण मांडले. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असणारा रुग्ण बहुधा घरापुरताच चालू शकतो, ०.४ ते ०.८ मीटर वेगाचा रुग्ण घराबाहेर मर्यादित प्रमाणात वावरू शकतो; आणि त्याहून अधिक वेग असल्यास बाहेरचे व्यवहार सांभाळता येतात. घरगुती हिशेबात सांगावयाचे, तर दहा मीटरला २५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर चालणे घरापुरते, आणि साडेबारा सेकंदांच्या आत अंतर कापले जात असेल तर बाजारहाट आवाक्यात, असे समजावे.

या मोजमापाचा आणखी एक लाभ आहे. दुखणे दीर्घकाळचे असले, की रुग्णास आपली प्रगती दिसत नाही आणि तो निराश होतो. पक्षाघातानंतर खिन्नता येणे तसेही फार सामान्य आहे. अशा वेळी मागील महिन्यातील ३० सेकंद या महिन्यात २४ वर आले, हे कागदावर दिसले, तर व्यायाम चालू ठेवण्यास त्याला आधार मिळतो.

आरंभ केव्हा करावा?

सर्वाधिक सुधारणा साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत होते, म्हणून विलंब करू नये, हे खरे. परंतु अतिघाईही हितावह नाही. पाच देशांतील २,१०४ रुग्णांचा समावेश असलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत रुग्णास वारंवार व दीर्घकाळ उठवून चालविण्याचा प्रयत्न केला असता परिणाम नेहमीच्या उपचारांपेक्षा किंचित वाईटच आढळले. पहिल्या दिवसांत थोडे थोडे आणि वैद्यांच्या देखरेखीखाली उठवावे. प्रकृती स्थिर झाल्यावर जोर वाढवावा, हा मध्यममार्ग योग्य होय.

ज्यांना पक्षाघात होऊन वर्ष वा अधिक काळ लोटला आहे, त्यांनीही आता काही होणार नाही, असे समजू नये. वर उल्लेखिलेल्या कॅनडातील अभ्यासात अशाच जुन्या रुग्णांचा समावेश होता. पूर्ववत धावणे शक्य होणार नाही. परंतु काठीने अंगणापर्यंत जाणारा रुग्ण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागला, तर ती प्रगती लहान म्हणता येणार नाही.

दक्षता

व्यायामापूर्वी रक्तदाब आटोक्यात असल्याची खात्री करावी. हृदयविकार असल्यास किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असल्यास वैद्यांच्या अनुज्ञेखेरीज भाराचा व्यायाम सुरू करू नये. जोर लावताना श्वास रोखून धरू नये. त्यामुळे रक्तदाब एकाएकी वाढतो. छातीत दुखणे, फार धाप लागणे, चक्कर येणे असे काही जाणवल्यास तत्काळ थांबावे. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायांतील शक्ती पुन्हा कमी होणे, ही नव्या पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. व्यायामाच्या वेळी पायात सैल सपाता नसाव्यात. मागे पट्टा असलेली घट्ट पादत्राणे घालावीत. जमीन ओली नसावी. आणि एक विशेष सूचना : रुग्णास उठविताना त्याचा निकामी हात धरून ओढू नये. त्यामुळे खांद्याचा सांधा निसटतो व पुढे अनेक महिने दुखत राहतो. आधार कमरेपाशी द्यावा.

कुटुंबीयांचा वाटा

घरच्या माणसांना व्यायाम शिकवून पाठविले, की भौतिकोपचारतज्ज्ञांवाचून भागेल, असा विचार खर्चाच्या दृष्टीने आकर्षक वाटतो. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर या कल्पनेची शास्त्रशुद्ध चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबीयांस प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी घरी पुनर्वसन केलेल्या गटात आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात सहा महिन्यांनंतर काहीच फरक आढळला नाही. दोन्ही गटांत मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण ४७ टक्के होते.

हा निष्कर्ष निराशाजनक वाटला, तरी त्यातून बोध घेण्याजोगा आहे. आईवडिलांची, पतीची वा पत्नीची मनोभावे सेवा करणाऱ्या कुटुंबीयांच्या प्रयत्नांत काही उणे होते, असा त्याचा अर्थ आम्ही लावीत नाही. व्यायामाचा भार केव्हा व किती वाढवावा, चालीतील दोष कशामुळे आहे, हे ओळखणे ही वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने येणारी विद्या आहे आणि तिचे ओझे घरच्यांवर टाकणे उचित नाही, असे आम्हांस वाटते. कुटुंबीयांनी सोबत करावी, वेळ पाळावी, पडू न देण्याची काळजी घ्यावी आणि रुग्णास जे स्वतःला जमते ते त्याचे त्याला करू द्यावे. मायेपोटी पाण्याचा पेला हातात आणून देण्याऐवजी दोन पावले चालून तो घेऊ देणे, हेही औषधच होय.

यंत्र की मनुष्यबळ?

आता देणगीदार व विश्वस्त मंडळींस विशेष विचारार्थ एक गोष्ट मांडतो. रुग्णास पट्ट्यांनी अधांतरी तोलून फिरत्या पट्ट्यावर चालविणारी यंत्रे परदेशात व आपल्याकडील मोठ्या शहरांत आली आहेत. अशा यंत्रासाठी देणगी द्यावी, अशी इच्छा कधी कधी व्यक्त केली जाते. त्यामागील सद्भावनेविषयी आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा निष्कर्ष येथे पाहण्यासारखा आहे. काही रुग्णांना अशा यंत्रावर प्रशिक्षण देण्यात आले. इतरांच्या घरी भौतिकोपचारतज्ज्ञांनी जाऊन बळवर्धक व तोल सुधारणारे व्यायाम क्रमाक्रमाने वाढवीत घेतले. प्रत्येकी दीड तासाची ३६ सत्रे ठरविण्यात आली होती. वर्षअखेर एकूण ५२ टक्के रुग्णांच्या चालण्याच्या क्षमतेत सुधारणा झाली होती, आणि यंत्रावरील प्रशिक्षण घरच्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाही. ज्यांना सहा महिन्यांनंतर यंत्रावरील प्रशिक्षण सुरू करण्यात आले, तेही वर्षअखेर मागे राहिले नव्हते.

या दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या, की आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने कोणती दिशा धरावी, हे स्पष्ट होते. महागडे यंत्र नसले तरी चालते. परंतु प्रशिक्षित माणसाचा पुरेसा वेळ नसेल, तर चालत नाही. खुर्ची, पायरी, वाळूची पिशवी आणि भिंतीलगतचा दांडा एवढ्या सामग्रीवर एक जाणकार भौतिकोपचारतज्ज्ञ पुष्कळ काही साधू शकतो. अडचण येते ती सत्रांच्या संख्येची. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबास रुग्णाला रिक्षाने आठवड्यातून तीनदा आणणे परवडत नाही. त्या दिवसाची मजुरीही बुडते. चौथ्या-पाचव्या सत्रानंतर असे रुग्ण दिसेनासे होतात, आणि नेमक्या ज्या महिन्यांत पाय सुधारावयाचा, ते महिने अंथरुणावर जातात.

म्हणून आमची नम्र विनंती अशी, की पुनर्वसनासाठी देणगी देताना यंत्रापेक्षा सत्रांचा विचार व्हावा : भौतिकोपचारतज्ज्ञांचे वेतन, घरभेटींचा प्रवासखर्च, गरजू रुग्णांचे रिक्षाभाडे, काठ्या व स्प्लिंट. अशा देणगीवर नावाची पाटी लावता येत नाही, तिचे उद्‌घाटनही करता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु कोणी एक गृहस्थ पुन्हा आपल्या पायांनी शेताच्या बांधापर्यंत जाऊ लागतात, कोणी एक माउली स्वतःच्या हाताने चूल-ओटा सांभाळू लागते आणि तिची मुलगी पुन्हा कामावर रुजू होते, हे त्या देणगीचेच फलित असते.

ज्यांच्या घरी पक्षाघाताचा रुग्ण आहे, त्यांनी धीर सोडू नये आणि आमच्या भौतिकोपचार विभागाशी अवश्य संपर्क साधावा. आरंभ खुर्चीतून एकदा उठण्याने झाला, तरी पुरे आहे. उद्या दोनदा उठता येईल.